जुन्या हत्याराचे नवे रूप

बंगळूरच्या जुन्या वस्तीत चिकपेट आणि दोड्डपेट हे दोन रस्ते एकमेकांना छेदून जातात. केंपेगौडा याने १५३७ च्या सुमारास वसविलेल्या ह्या नगराची वाढ ह्याच चौकापासून झाली, असे परंपरा सांगते. भोवतालच्या पेठांची नावे तेथील धंद्यांची आठवण अजूनही जपून आहेत. अक्कीपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची, अरळेपेट कापसाची, कुंबारपेट कुंभारांची, गाणिगरपेट तेल्यांची. ह्या मालिकेतले एक नाव मात्र थोडे निराळे आहे. ते म्हणजे तारामंडलपेट. टिपू सुलतानाच्या काळी युद्धात वापरावयाचे अग्निबाण घडविणाऱ्या कारागिरांवरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. मराठी वाचकाला हा परिसर अगदीच परका नाही. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि १६८७ पर्यंत भोसले घराण्याकडेच राहिले. मराठी बखरींतून ज्या 'बाणां'चा उल्लेख वारंवार येतो, ते बाणही ह्याच जातीचे होत.

जुने हत्यार टाकून न देता त्यात फेरफार करून ते नव्या कामास जुंपणे ही माणसाची फार जुनी खोड आहे. तोड्याच्या बंदुकीला चकमकीचा चाप बसविला गेला, टोपीच्या रिव्हॉल्वरला काडतूस घालण्याजोगे केले गेले, लांब नळी आखूड केली गेली, मोठी मूठ कोरून लहान केली गेली. ह्यांपैकी काही बदलांनी हत्याराचे आयुष्य दोन पिढ्यांनी वाढविले. काहींनी ते वापरणाऱ्याच्याच हातात फोडले. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी रिव्हॉल्वरकडे वळण्यापूर्वी तारामंडलपेटेतील त्या बाणाकडेच एकदा पाहणे उपयोगाचे ठरेल. कारण सर्व प्रश्नाचे बीज त्यात आहे.

पात्र आणि दाब

दारू जळते तेव्हा तिचा वायू होतो आणि तो वायू ज्या पात्रात कोंडलेला असतो त्याच्या भिंतींवर सर्व बाजूंनी दाब देतो. शोभेच्या बाणाचे नळकांडे कागदाचे किंवा बांबूचे असे. त्यात दारू फार घट्ट ठासली तर नळकांडे फाटे, म्हणून ती बेताचीच ठासावी लागे आणि बाणही बेताचाच उडे. हैदर अली आणि टिपू यांच्या कारागिरांनी ह्यात एकच मोठा बदल केला. त्यांनी नळकांडे लोखंडाचे केले. लोखंड अधिक दाब सोसते, म्हणून दारू अधिक ठासता आली. दारू अधिक ठासली म्हणून रेटा वाढला. आणि रेटा वाढला म्हणून बाण एक किलोमीटरहूनही दूर जाऊ लागला. लंडनजवळ वुलिच येथे नेलेल्या दोन म्हैसुरी बाणांची मापे उपलब्ध आहेत. एकाचे नळकांडे ५८ मिलिमीटर व्यासाचे आणि २५४ मिलिमीटर लांबीचे असून ते सुमारे एक मीटर लांबीच्या तलवारीच्या पात्याला चामड्याच्या वाद्यांनी बांधलेले आहे. दुसरे ३७ मिलिमीटर व्यासाचे असून सुमारे १.९ मीटर लांबीच्या बांबूला बांधलेले आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर हे बाण इंग्लंडात पोहोचले, आणि तेथे विल्यम काँग्रीव्ह याने १८०४ नंतर त्यांच्याच धर्तीवर आपले बाण सिद्ध केले. २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका जुन्या विहिरीत अशा लोखंडी बाणांचा हजाराहून मोठा साठा सापडला, तेव्हा ही विद्या किती मोठ्या प्रमाणावर राबविली जात होती, ह्याची नव्याने कल्पना आली.

ह्या उदाहरणातून मिळणारा नियम साधा आहे. स्फोटाच्या बळावर चालणाऱ्या कोणत्याही हत्याराचे सामर्थ्य त्याच्या दारूत नसते, तर दाब सोसणाऱ्या पात्रात असते. पात्र बदलले तर दारू वाढविता येते. पात्र तेच ठेवून दारू वाढविणे म्हणजे आत्मघात. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये केलेला कोणताही बदल ह्या कसोटीला लावून पाहावा, म्हणजे तो शहाणपणाचा की अविचाराचा हे चटकन कळते.

ठिणगीचा प्रवास

बंदुकीत बदल करण्याचा इतिहास मुख्यतः ठिणगीचा इतिहास आहे. तोड्याच्या बंदुकीत दारूला बत्ती देण्यासाठी जळती जामगी लागे. नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र असे, त्याला 'कान' म्हणत. कानाजवळच्या पाळ्यात रंजक, म्हणजे बारीक दारू, घालीत. चाप ओढला की जामगी रंजकावर टेके आणि आग कानातून आत शिरे. पावसात जामगी विझे, रात्री तिचा निखारा शत्रूला दिसे. सतराव्या शतकाच्या आरंभी चकमकीचा चाप निघाला. जामगीच्या जागी गारेचा तुकडा आला आणि तो पोलादावर आपटून ठिणगी पडू लागली. टिपूच्या कारखान्यांतून निघालेल्या काही चकमकीच्या बंदुकांचा घोडा, म्हणजे आघात करणारा भाग, वाघाच्या आकाराचा घडविलेला आढळतो.

१८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेट घेणाऱ्या द्रव्याचे पेटंट घेतले. पुढे ते द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरले जाऊ लागले आणि 'टोपीची बंदूक' जन्मास आली. आता प्रश्न असा उभा राहिला की, चकमकीच्या लक्षावधी बंदुकांचे करायचे काय? त्या मोडीत काढणे कोणत्याच सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून पाळे काढून टाकायचे, जुना कान बुजवायचा, टोपी बसविण्यासाठी पोकळ बोंडी बसवायची आणि गार धरणाऱ्या घोड्याऐवजी टोपीवर ठोका देणारा घोडा लावायचा, असा मार्ग युरोप-अमेरिकेत सर्वत्र अनुसरला गेला. हिंदुस्थानी कारागिरांनीही तेच केले. नळी तोड्याच्या काळातली आणि चाप टोपीचा, अशा बंदुका आपल्या संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. हा बदल यशस्वी झाला, कारण त्यात बदलली ती केवळ आग पोहोचविण्याची वाट. नळी तीच राहिली आणि तिच्यावर येणारा दाबही जवळजवळ तोच राहिला.

ह्याच न्यायाने ब्रिटिश सरकारने १८६६ मध्ये एनफील्ड रायफलींचे रूपांतर केले. १८५७ मध्ये जिच्या काडतुसांवरून हिंदुस्थानात वणवा पेटला, तीच ही रायफल. जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाच्या योजनेप्रमाणे नळीच्या बुडाचा थोडा भाग कापून तेथे बाजूला उघडणारे झाकण बसविले गेले आणि तोंडातून ठासावी लागणारी रायफल मागून भरता येऊ लागली.

परंतु हत्यारात केलेला फेरफार नेहमी ते सुधारण्यासाठीच असतो असे नाही. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती अचूक नेम साधणारी रायफल देऊ नये, असे कंपनीच्या जागी आलेल्या सरकारला वाटू लागले. म्हणून एनफील्डच्या नळीतील पिळाचे आटे खरवडून ती आतून गुळगुळीत करण्यात आली. तिचा बोअर ०.५७७ इंचावरून सुमारे ०.६५ इंचापर्यंत वाढला. बाहेरून पाहणाऱ्याला रायफल तीच दिसे. मात्र शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा उरला नव्हता. पुढेही गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री रायफली मिळाल्या तेव्हा हिंदी पलटणींच्या वाट्याला स्नायडर आल्या. कारागिराची कानस कोणाच्या हुकमाने चालते, ह्यावरही हत्याराचे रूप अवलंबून असते, हे येथे लक्षात ठेवावे.

फिरती चक्री

एका नळीमागे अनेक कोठ्यांची चक्री बसवून ती फिरवीत एकामागून एक बार काढायचे, ही रिव्हॉल्वरची मूळ कल्पना. चकमकीच्या काळातच तिचे प्रयोग झाले होते. १८१८ मध्ये एलिशा कोलियर या अमेरिकन कारागिराने इंग्लंडात अशा हत्याराचे पेटंट घेतले. परंतु ती कल्पना खऱ्या अर्थाने रुजविली सॅम्युएल कोल्ट याने. कोल्ट तरुणपणी, १८३० मध्ये, 'कॉर्वो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीवर निघाला होता. फिरून एका जागी अडकणाऱ्या चक्रीची कल्पना त्याला ह्याच प्रवासात सुचली, असे सांगतात. १८३५ मध्ये इंग्लंडात आणि १८३६ मध्ये अमेरिकेत त्याने पेटंट घेतले.

कोल्टचे हे रिव्हॉल्वर टोपीचे होते. चक्रीच्या प्रत्येक कोठीत पुढून दारू ओतायची, तीवर शिशाची गोळी बसवायची, नळीखालच्या दांडीने ती ठासायची, वर थोडी चरबी लावायची आणि मागच्या बोंडीवर टोपी चढवायची. असे सहा वेळा केले की हत्यार सिद्ध होई. सहा बार काही क्षणांत संपत. पुन्हा भरायला मात्र काही मिनिटे लागत. शिवाय एका कोठीची आग शेजारच्या कोठ्यांत शिरून एकदम अनेक बार उडण्याची भीती असे ती निराळीच.

ह्या सर्व अडचणींवरचा उपाय म्हणजे धातूचे काडतूस. दारू, गोळी आणि ठिणगी ही तिन्ही एकाच पितळी टोपणात बंद असतात. पण काडतूस मागून घालायचे तर चक्रीच्या कोठ्या आरपार असल्या पाहिजेत. आणि अशा आरपार कोठ्यांच्या चक्रीचे अमेरिकन पेटंट १८५५ मध्ये रोलिन व्हाइट याच्या नावे झाले होते. स्मिथ आणि वेसन या भागीदारांनी ते त्याच्याकडून हक्काने घेतले आणि १८५७ पासून आपली लहान काडतुशी रिव्हॉल्वरे बाजारात आणली. परिणामी १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेतील इतर मोठे कारखाने टोपीचीच रिव्हॉल्वरे काढीत राहिले. कोल्टच्या १८६० च्या एकाच नमुन्याची सुमारे दोन लाख हत्यारे तयार झाली. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली, तेव्हा सैन्याकडे, लोकांकडे आणि कारखान्याच्या कोठारांतही टोपीच्या हत्यारांचे आणि सुट्या भागांचे ढीग पडले होते.

रूपांतराचे यश

अशा परिस्थितीत १८७१ मध्ये कोल्टच्या कारखान्यातील चार्ल्स रिचर्ड्स याने आणि पुढच्याच वर्षी विल्यम मेसन याने जुनी रिव्हॉल्वरे काडतुशी करण्याच्या रीती पेटंट केल्या. रेमिंग्टनच्या कारखान्याने तर त्यापूर्वीच, १८६८ च्या सुमारास, पेटंटधारकांना मोबदला देऊन आपल्या काही हजार हत्यारांचे असे रूपांतर केले होते. कोल्टच्या रीतीचे मर्म थोडक्यात असे: चक्रीचा बोंड्यांकडचा मागचा भाग काढून टाकला जाई आणि उरलेल्या भागात आरपार कोठ्या होत, मोकळ्या झालेल्या जागेत एक जाड तबकडी बसे आणि तिच्या बाजूला काडतूस घालण्यासाठी छोटे दार असे, गोळी ठासण्याच्या दांडीचे काम संपले होते, म्हणून तिच्या जागी रिकामी टोपणे बाहेर ढकलणारी दांडी येई. ब्रिटिश सैन्यानेही १८६८ मध्ये आपल्या ब्यूमाँट-अॅडम्स जातीच्या टोपीच्या रिव्हॉल्वरांना असेच नवे रूप दिले.

ही रूपांतरे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली. त्याचे कारण पुन्हा तेच आहे. नव्या काडतुसात दारू होती ती जुनीच, काळी आणि जवळजवळ तेवढीच. धातूवर नवा भार पडला नाही. बदलली ती केवळ भरण्याची रीत. जे काम पूर्वी मिनिटांचे होते ते आता सेकंदांचे झाले आणि ओल्या हवेत दारू सर्दावण्याची भीती गेली. जुन्या हत्याराला व्यवहारोपयोगी करणे म्हणजे काय, ह्याचा हा आदर्श नमुना म्हणता येईल.

हातासाठी केलेले बदल

दुसऱ्या प्रकारचे बदल दारूशी नव्हे, तर हाताशी संबंधित असतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला वेब्लीचे जाडजूड रिव्हॉल्वर असे. १९१५ मध्ये आलेला त्याचा सहावा नमुना खंदकांतील लढाईसाठी कसा वापरावा, ह्याविषयी ज्याने त्याने आपली बुद्धी चालविली. कॅप्टन प्रिचर्ड याने तर जुन्या फ्रेंच ग्रा रायफलींच्या संगिनींची पाती कापून ती रिव्हॉल्वरच्या नळीखाली बसविण्याची युक्ती काढली आणि ग्रीनर या प्रसिद्ध कारखान्याने तशा संगिनी तयार केल्या. सैन्याने त्यांचा अधिकृत स्वीकार मात्र केला नाही.

ह्याहून अर्थपूर्ण बदल पुढे एनफील्डच्या ०.३८ इंची रिव्हॉल्वरमध्ये झाला. १९३२ मध्ये स्वीकारलेल्या ह्या रिव्हॉल्वरच्या घोड्याला अंगठ्याने मागे ओढण्यासाठी एक शेपटी होती. रणगाड्याच्या अरुंद जागेत ती शेपटी कशात ना कशात अडके. म्हणून १९३८ मध्ये शेपटीविना नमुना काढण्यात आला आणि दुरुस्तीसाठी येणाऱ्या बहुतेक जुन्या हत्यारांच्याही शेपट्या कापल्या गेल्या. ह्यात मिळकत होती तसा तोटाही होता. घोडा अगोदर मागे ओढून ठेवून हलक्या चापाने नेम साधण्याची सोय गेली. प्रत्येक बार जड चाप ओढूनच काढावा लागे. रणगाड्यातील शिपायाला हा सौदा परवडणारा होता. मैदानात निशाण मारणाऱ्याला तो परवडला नसता.

अमेरिकेत कोल्ट कारखान्याच्या जॉन हेन्री फिट्झजेरल्ड याने १९२० नंतरच्या दशकात हा विचार टोकाला नेला. नळी दोन इंचांवर आणायची, घोड्याची शेपटी काढायची, मूठ गोल करायची आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग कापून टाकायचा. असे रिव्हॉल्वर खिशातून झटकन निघे. परंतु चापाभोवतीचे कडे शोभेसाठी नसते. खिशातील किल्ली, कापडाची घडी किंवा घाईत सरकलेले बोट चापावर पडू नये, म्हणून ते असते. ते काढले की जो वेळ वाचतो त्याची किंमत अपघाताच्या शक्यतेने मोजावी लागते. आखूड नळीचेही तसेच आहे. नळी जितकी आखूड तितका दारूच्या वायूला गोळी ढकलण्यास कमी अवधी मिळतो, पुढची माशी आणि मागची खाच ह्यांतील अंतर कमी होऊन नेम ढळतो आणि तोंडाशी आगीचा भपकाही मोठा होतो. चाप हलका करण्यासाठी आतली कमान सैल केली, तर कधी ऐनवेळी टोपीवर पुरेसा ठोका बसत नाही, तर कधी नको तेव्हा घोडा सुटतो. सारांश, हत्याराचा प्रत्येक भाग कोणत्या तरी गैरसोयीवर तोड म्हणून आलेला असतो. तो काढण्यापूर्वी ती गैरसोय कोणती होती, हे आठवले पाहिजे.

धातूची मर्यादा

तिसऱ्या प्रकारचे बदल सर्वांत धोक्याचे आहेत, कारण ते दाब सोसणाऱ्या भागांना हात घालतात. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय याने धूरविरहित दारू तयार केली आणि काही वर्षांतच कॉर्डाइटसारख्या दारू सर्वत्र आल्या. कोठीत जागा तेवढीच, पण दाब मात्र कितीतरी अधिक निर्माण करण्याची ताकद ह्या नव्या दारूत होती. वेब्लीच्या कारखान्याने ही गोष्ट ओळखली आणि १९१३ च्या आपल्या पाचव्या नमुन्यात चक्रीचा व्यास सुमारे ३ मिलिमीटरांनी वाढविला. ३ मिलिमीटर हे माप क्षुल्लक वाटेल. परंतु कोठी आणि बाहेरचे जग ह्यांच्यामध्ये उभी असलेली भिंत मुळात असते ती काही मिलिमीटरांचीच. त्यातही चक्री जागच्या जागी अडकावी म्हणून तिच्या अंगावर खाचा असतात आणि पुष्कळ रिव्हॉल्वरांत त्या नेमक्या कोठीवरच येतात. भिंत सर्वांत पातळ असते ती तेथेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेब्लीची हजारो जुनी रिव्हॉल्वरे अमेरिकेच्या बाजारात स्वस्तात आली. त्यांचे ०.४५५ इंची काडतूस तेथे सहज मिळेना. अमेरिकन सैन्याच्या पिस्तुलाचे ०.४५ इंची काडतूस मात्र कोठेही मिळे. म्हणून व्यापाऱ्यांनी चक्रीचा मागचा भाग थोडा घासून तिच्यात ते काडतूस बसेल असे केले. काडतूस बसले, बारही निघाला आणि ग्राहक खूश झाला. पण त्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या मूळ काडतुसापेक्षा खूपच जास्त होता. काही चक्र्या त्यामुळे फुटल्या. ज्या फुटल्या नाहीत त्यांचे सांधे हळूहळू खिळखिळे झाले. वरवर पाहता कोल्टचे १८७१ चे रूपांतर आणि हे रूपांतर सारखेच दिसते. दोहोंतही चक्रीचा मागचा भाग घासून नवे काडतूस बसविले आहे. परंतु पहिल्यात दाब तोच राहिला, दुसऱ्यात तो वाढला. काडतूस कोठीत बसते, एवढ्यावरून ते त्या हत्याराचे होत नाही.

जुन्या रिव्हॉल्वरमध्ये आणखी एक दोष डोळ्यांना न दिसता वाढत असतो. बार उडतो त्या क्षणी चक्रीची कोठी नळीच्या अगदी समोर आणि घट्ट उभी असली पाहिजे. अडकविणारा खटका झिजला की चक्री केसभर मागेपुढे होते. मग गोळी नळीत सरळ न शिरता तिच्या काठाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. वापरणाऱ्याच्या किंवा शेजारी उभ्या असलेल्याच्या डोळ्याला इजा होण्यास तेवढे पुरते. बाहेरून चकाकणारे, नव्याने निळा मुलामा दिलेले हत्यारही आतून असे झिजलेले असू शकते.

म्हणूनच युरोपात हत्यारांची परीक्षा घेणारी गृहे फार पूर्वी स्थापन झाली. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये कायद्याने उभे राहिले. तेथे प्रत्येक नळीत आणि चक्रीत नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार उडवून पाहतात आणि टिकलेल्या धातूवर शिक्का उमटवितात. पुढे दाब सोसणाऱ्या भागात कोणी बदल केला, तर जुना शिक्का निरुपयोगी ठरतो आणि परीक्षा नव्याने द्यावी लागते. पेठेतील सराफाने सोन्याचा कस पाहावा, तसा हा पोलादाचा कस आहे.

आपल्या देशातील अनुभव

ह्या नियमाची दोन बोलकी उदाहरणे आपल्याच इछापूरच्या रायफल कारखान्यात सापडतात. तेथे ०.३०३ इंची ली-एनफील्ड रायफलींचे पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी ०.४१० बोअरच्या, आतून गुळगुळीत आणि एकबारी बंदुकांत रूपांतर करण्यात आले. येथे धातूवरचा भार कमी झाला, म्हणून जुन्याच रायफली वापरता आल्या. याउलट १९६० च्या दशकात त्याच घडणीची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या अधिक जोरदार काडतुसासाठी हवी झाली, तेव्हा इछापूरच्या अभियंत्यांनी जुन्या रायफली कोरून काम भागविले नाही. त्यांनी अधिक चांगले पोलाद वापरून नवी रायफल घडविली. तीच '२ए' आणि पुढे '२ए१' या नावाने ओळखली गेली. घडण जुनी, पण पात्र नवे. तारामंडलपेटेतील बाणाच्या कारागिराने जे केले त्याहून हे तत्त्वतः वेगळे नाही.

रिव्हॉल्वरच्या बाबतीतही तोच मार्ग दिसतो. सैन्य आणि पोलीस यांच्या वापरातील बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला सहसा मिळत नाहीत. त्यामुळे नागरी रिव्हॉल्वर म्हटले की ०.३२ इंची हत्यार असे समीकरण झाले. कानपूरच्या सरकारी कारखान्यांनी ह्या मापाची रिव्हॉल्वरे जुन्या वेब्ली घडणीवर बेतून काढली. २०१४ मध्ये तेथेच 'निर्भीक' हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्वर तयार झाले. त्याचा हलकेपणा जुने हत्यार कापून आणलेला नाही. तो टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे आला आहे.

खाजगी व्यक्तीने अथवा एखाद्या हौशी लोहाराने असे फेरफार करण्यास आपल्या कायद्यात थारा नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीचे रूपांतर, दुरुस्ती किंवा परीक्षा हा धंदा परवान्याविना करता येत नाही. कलम ६ नुसार परवान्याविना नळी आखूड करणे किंवा खेळण्यातल्या हत्याराचे खऱ्यात रूपांतर करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातील हत्यार दुसऱ्या वर्गात नेण्याचाही त्यात समावेश झाला. ह्याच कायद्याचे कलम ४५ मात्र विचार करण्यासारखे आहे. जे हत्यार कालबाह्य घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके असून दुरुस्तीनेही चालविता येण्याजोगे नाही, त्याला कायदा सूट देतो. म्हणजे आजोबांच्या काळचे, गंजून बसलेले हत्यार घराण्याची आठवण म्हणून राहू शकते. पण ते बार काढण्याजोगे झाले की ती आठवण राहत नाही, ते शस्त्र होते आणि शस्त्राचे सर्व निर्बंध त्याला लागू होतात.

कायद्याने आखलेली ही रेषा कारागिरीच्या दृष्टीनेही योग्य आहे. जुन्या हत्याराची दोन मूल्ये असतात, एक इतिहासाचे आणि दुसरे उपयोगाचे. आणि बहुधा एक वाढवायचे तर दुसरे गमवावे लागते. कोल्टच्या एखाद्या जुन्या रिव्हॉल्वरची मूठ बदलली, अक्षरे घासून काढली, नळी कापली, तर ते खिशात नीट मावेल, पण त्याची साक्ष पुसली जाईल. हिंदी शिपायाच्या एनफील्डमधील खरवडलेली नळी आज उपयोगाची नाही. पण सत्ता आपल्या शिपायाला किती भीत होती, हे सांगणारा तिच्याइतका चोख पुरावा दुसरा नाही. कोणी ती 'दुरुस्त' करून पुन्हा पिळदार केली असती, तर तो पुरावा आपण गमावला असता.

खंडेनवमीला महाराष्ट्रातील जुन्या घरांतून तलवारी आणि कट्यारी पुजल्या जातात. त्याच दिवशी आयुधपूजेच्या निमित्ताने चिकपेटेच्या परिसरातील कारागीर आपले माग, हातोडे आणि तराजू मांडून त्यांवर फुले वाहतात. हत्यार आणि अवजार यांना एकच शब्द वापरणाऱ्या ह्या परंपरेत एक व्यवहारज्ञान दडलेले आहे. जे कामाचे आहे ते नीट राखावे, त्याच्या ताकदीबाहेर त्याला राबवू नये आणि ज्याचे काम संपले आहे त्याला सन्मानाने विसावू द्यावे. जुने रिव्हॉल्वर हाती आले की प्रथम हे ठरवावे की, ते ह्यांपैकी कोणत्या गटात बसते. ते ठरल्यावर कानशीला हात लावण्याची गरज बहुतेक वेळा उरतच नाही.